दंबदिवची ढिवरीण

पवनी, ३० जानेवारी २०२५

दादा,

दचकू नको, घरी सगळे बरे आहेत. मायचे गुडघे दुखतात, तेवढंच. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे लिहून राहिले. बोलताना आपण तुले-मले करतो, पण पेन हातात आला की माझी शाळेतली भाषा सुरू होते. हसू नको.

बातमी सांगते. मी श्रीलंकेला चालले. विमानानं. चिखल्याच्या खाणीत तू जमिनीच्या पोटात उतरतोस, मी आता ढगाच्या वर जाते. बाबा असते तर म्हणाले असते, बाबुलालच्या दोन्ही लेकरांनी जमिनीवर राहायचंच नाही असं ठरवलेलं दिसते.

अड्याळ रस्त्यावरचा तलाव तुला आठवत असेल. बेशरमच्या झाडांनी असा भरला होता की पाणी दिसत नव्हतं. आम्ही मोहल्ल्यातल्या बायांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे ती बेशरम उपटली. तळाच्या गाळात नांगर फिरवला, पाण्यातली जुनी झाडं शोधून आणून लावली. लोक हसत होते. मग मरळ मासोळी परत आली, शिंगूर आली, बोटरी आली. आता तेच लोक आमच्या पाट्या अड्याळला पोचायच्या आधी रस्त्यात अडवतात. लंकेतही असेच राजांच्या काळातले तलाव आहेत आणि त्यात मासोळ्या धरणारी माणसं आहेत. त्यांनी आमचं काम पाहावं, आम्ही त्यांचं पाहावं, म्हणून एक संस्था आम्हाला घेऊन जात आहे. आपल्या जिल्ह्यातून दोघी. एक मी, दुसरी शकुबाई, जिनं भंडाऱ्याच्या पुढं कधी रात्र काढली नाही.

म्हणजे बघ दादा, तुझी बहीण मासोळ्या धरते म्हणूनच तिला बोलावणं आलं.

तू विसरला असशील, मी विसरले नाही. तुझ्या लेकीच्या, रुपाच्या साक्षगंधात, तुमसरच्या मंडपात, तिच्या होणाऱ्या सासूनं मला विचारलं, "तुमी काय करता, बाई?" मी तोंड उघडायच्या आत तू बोललास, "शेती हाये तिची. धानाची." त्या बाईनं सहज विचारलं, किती एकर? तू माझ्याकडं पाहिलंस. मी म्हटलं, "एकर नाई, बाई. मी तलावात मासोऱ्या धरते अन् अड्याळच्या बजारात बसून विकते." त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. त्यांच्याही घरात एका पिढीमागं वैनगंगेत जाळंच फेकत होते, आता दोन मास्तर आहेत एवढंच. पण तू मला मंडपामागं नेलंस. "तुले एक दिवस तोंड बंद ठेवता नाई आलं? पोरीच्या संसारावर उठली काय?"

लग्न मोडलं नाही. काहीच झालं नाही. फक्त लग्नपत्रिका मायच्या एकटीच्या नावानं आली, आणि रुपाला हळद लावायला आत्या नव्हती.

मी माफी मागायला लिहीत नाही. स्वतःच्या बहिणीचा धंदा लपवावा असं तुला का वाटलं, हे मला आजही समजलेलं नाही. पण विमानात बसण्याआधी तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. जाणार म्हटल्यावर सगळ्यात आधी तुझंच नाव तोंडात आलं, त्याला मी काय करू?

ज्योत्सना

—

अनुराधापुर, श्रीलंका, ८ फेब्रुवारी २०२५

दादा,

इथले लोक आपल्या देशाला दंबदिव म्हणतात. बुद्धाचा देश. आणि त्या देशातून आलेल्या माणसाला काय मान देतात, तू पाहायला पाहिजे होतंस. काल एका म्हाताऱ्यानं सरळ शकुबाईच्या पायाला हात लावला. शकुबाई चार पावलं मागं पळाली. "माह्या पायाले कायले हात लावते हा मानूस?"

आमच्यासोबत निलंती नावाची पोरगी आहे, कॉलेजात हिंदी शिकलेली, चष्मा लावते, आम्हाला लेकरासारखं सांभाळते. तिनं समजावलं, "दीदी, तुम्ही त्यांच्या भगवानाच्या गावचे पाहुणे." मग मीही सांगून टाकलं की आमच्या पवनीला टेकडी खोदली तर त्याच्या भक्तांनी बांधलेल्या स्तूपाचे दगड निघाले, आणि लहानपणी आम्ही भाऊबहीण त्याच टेकडीवरून घसरत खाली यायचो. हे तिनं सांगितल्यावर तर एका बाईनं कमळाचं फूलच माझ्या हातात दिलं. मला छान वाटलं, खोटं कशाला बोलू? आपल्याला कुणी फूल दिलं आहे कधी?

तलाव पाहिले. मातीची बांधलेली पाळ आपल्यासारखीच, पाळीखाली धान आपल्यासारखंच. उलटं फक्त हे की आपण उन्हाळ्याची वाट पाहून राहिलो असतो तेव्हा ह्यांचं धान पिकायला आलेलं असतं.

पण एक गोष्ट मनात राहिली. आमच्या गाडीतून तलाव दाखवत असताना निलंती म्हणाली, इथं पुष्कळ गावांत तलावात मासोळ्या धरणं लोकांना आवडत नाही, जीव मारणं पाप मानतात. मी विचारलं, खातात का? ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "खाते तो सब हैं."

ज्यो.

—

गलवेव, १२ फेब्रुवारी २०२५, दुपार

दादा,

काल रात्री मी बुद्धाच्या देवळात झोपले. झोपायला मिळण्याआधी जे झालं ते तुलाच सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगून त्याचा अर्थ लागणार नाही.

गलवेव म्हणजे तलावाकाठचं लहान गाव. तिथल्या मासेमारांना भेटायचं होतं. त्यांची घरं लहान, गावात लॉज नाही, म्हणून आमची सोय देवळाच्या धर्मशाळेत केली होती. गाडीतच निलंतीनं आम्हाला सांगून ठेवलं, "उद्या पौर्णिमा आहे. इथं पौर्णिमेला कुणी मासोळी धरत नाही, विकत नाही. देवळात त्याचं नाव काढू नका. कुणी विचारलं तर मी 'गोवी' सांगीन." गोवी म्हणजे शेतकरी. आठ दिवसांत तो शब्द आम्हाला पाठ झाला होता. "झूठ भी नहीं है, दीदी. आपके यहाँ धान तो होता ही है."

शकुबाई म्हणाली, "म्हनू ना. काय जाते आपलं?"



पोचलो तेव्हा सूर्य तलावात टेकला होता. अंगणात सगळीकडं पांढरी वाळू, झाडून अशी साफ केलेली की पाय ठेवायला जीव होत नव्हता. चपला बाहेर. मधोमध पांढराशुभ्र स्तूप, बाजूला पिंपळ, त्याला पताका. दुसऱ्या दिवसाच्या तयारीला आलेली पंधरा-वीस माणसं होती, बहुतेक म्हातारी, बहुतेक पांढऱ्या कपड्यांत. त्यांची पुढारीण सोमावती. सत्तरीची असेल, आपल्या मायपेक्षा ताठ. तिनं स्वतःच्या हातानं आमच्या चटया घातल्या, उशा ठेवल्या, काळा चहा आणि तळहातावर गुळाचा खडा दिला. चहाचा घोट घ्यायचा आणि खडा चावायचा, अशी इथली रीत. मग हात जोडून खाली वाकली आणि निलंतीला काहीतरी विचारलं.

निलंतीच्या उत्तरात मला "गोवी" ऐकू आलं.

सोमावतीचं तोंड फुललं. एक माणूस धावत जाऊन धानाची लोंबी घेऊन आला आणि शकुबाईच्या हातात दिली, तुमच्याकडं हा वाण आहे का म्हणून. सगळे भोवती जमले. शकुबाई लोंबी उलटीपालटी करत हसून राहिली होती. आणि मी, दादा, मी परत तुमसरच्या मंडपात उभी होते. तशीच माणसं, तसाच मान, आणि तसंच माझ्या वतीनं दुसऱ्यानं बोललेलं.

मी म्हटलं, "निलंती, परत सांग. आम्ही ढिवर आहोत. मासोळ्या धरतो."

ती हळूच म्हणाली, "दीदी, प्लीज."

मी चहाचा पेला खाली ठेवला. पदर खोचला. त्या झाडलेल्या वाळूत मधोमध जाऊन उभी राहिले. घाटावर बाबांनी आपल्या दोघांना शिकवलं होतं तसं: दोरी डाव्या मनगटाला, जाळ्याची एक घडी कोपरावर, एक कड दातात, कमरेतून वळायचं आणि सोडायचं. हातात काही नव्हतं. तरी मी फेकलं. ज्यानं आयुष्यभर जाळं फेकलं आहे त्याच्या अंगाला ते खोटं फेकता येत नाही, तुला माहीत आहे. मग दोरी हळूहळू ओढून घेतली आणि म्हटलं, "माळु." मासोळीला इथं माळु म्हणतात. बाजारात ऐकलेला शब्द.

 ज्यानं लोंबी आणली होती तो माणूस माझ्या पायांच्या खुणांकडं पाहत होता. सोमावती रागावली नाही, ओरडली नाही. तिनं आमच्या चटईवरची एक उशी उचलली, पोटाशी धरली आणि आत निघून गेली. मग बाकीचे एकदम बोलायला लागले.

निलंतीच्या डोळ्यांत पाणी. "शहर में लॉज है, दीदी. मैं गाड़ी वापस बुलाती हूँ."

शकुबाई माझ्यावर उखडली. "तुह्या तोंडाले कुलूप नाई, पोरी. आता झोप रस्त्यावर." पण एवढं बोलून ती उठली, लोंबी त्या माणसाला परत दिली, माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि निलंतीला म्हणाली, "मीबी ढिवरीणच आहो, सांग त्यायले." नंतर मला म्हणाली, गुडघे इतके लटपटत होते की तुझा खांदा धरायलाच आली होती. खरं काय ते तिलाच माहीत.

मग देवळाचे मोठे भंते बाहेर आले. वाळलेले, म्हातारे, हातात ताडाचा पंखा. तरुणपणी दोन वर्षं सारनाथला राहिलेले, त्यामुळं मोडकी हिंदी येते. त्यांनी लोकांचं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळले.

"आज मछली पकड़ा?"

"नहीं, भंतेजी."

"कल पकड़ेगा?"

"नहीं. कल तो यहीं हूँ."

ते लोकांकडं पाहून काही बोलले आणि मला म्हणाले, "तो आज आप मुसाफ़िर हैं. मुसाफ़िर के लिए जगह है."

सगळ्यांनी श्वास सोडला. निलंतीनं तर हातच जोडले. त्या भल्या माणसानं माझ्यासाठी दार उघडून दिलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी आत जाता आलं असतं. शकुबाईनं मला चिमटा काढला.

मी म्हटलं, "मुसाफ़िर तो हूँ, भंतेजी. पर घर जाके फिर जाल डालूँगी. जगह देनी है तो ढीवर को दीजिए."

दादा, मी काही फार शूर नाही. पण दुसऱ्यांदा कुणी माझ्यावर पांघरूण घालावं, आणि मी त्याखाली गुपचूप झोपावं, हे माझ्यानं होणार नव्हतं.

ते दोन पावलं पुढं आले. हसले नाहीत. मग विचारलं, धरलेली मासोळी कोण खाते? मी सांगितलं, माझी लेकरं खातात, मोहल्ला खातो, अड्याळचा सगळा बाजार खातो. त्यांनी पंखा खाली केला आणि जमलेल्या लोकांना एकच वाक्य बोलले. लोकांनी माना खाली घातल्या. नंतर निलंतीनं मला त्याचा अर्थ सांगितला: "खाणारे आपण सगळे आत झोपतो, मग धरणारी बाहेर का?"

सोमावती उशी घेऊन परत आली. ठेवली. माझ्याकडं न पाहता गेली. मी गोड करून सांगणार नाही, त्या संध्याकाळी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पण मी झोपले, आणि अशी झोपले जशी आपल्या घरी झोपते.

पहाटे ढोलाच्या आवाजानं जाग आली. उजाडेपर्यंत अंगण पांढऱ्या कपड्यांनी भरलं. भंते एकेक व्रत म्हणत, लोक मागून म्हणत. पहिलंच व्रत, जीव मारणार नाही. शकुबाईला एक अक्षर समजलं नाही तरी तिनं मोठ्यानं म्हटलं. मी हात जोडून बसले, तोंड मिटून. घरी गेल्यावर जे पाळणार नाही ते मी कुणाच्याही देवासमोर बोलत नाही. भंत्यांनी ते पाहिलं. व्रत संपल्यावर सगळ्यांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधत आले, तेव्हा माझ्यासमोर थांबले. मला वाटलं, पुढं जातील. भंते कुठल्याच बाईला शिवत नाहीत, म्हणून हाताला हात न लावता त्यांनी माझ्याही मनगटाला दोरा बांधला.

मग एक बाई माझ्या बाजूला सरकून बसली. माझ्याच वयाची असेल. नाव कुसुमा. तिनं पांढऱ्या ओढणीतून हात काढून माझ्या हाताशेजारी ठेवला. बोटांच्या टोकांना चिरा, त्यात बसलेलं काळं, अंगठ्याजवळ काट्याची जुनी खूण. हात म्हणजे माझाच. हळूच म्हणाली, "माळु."

तिचा नवरा ह्याच तलावात मासोळ्या धरतो, ती विकते. दर पौर्णिमेला देवळात येते, पिंपळामागं शेवटी बसते, घरी जाते. कुणी विचारत नाही, ती सांगत नाही. "सगळ्यांना माहीत आहे का?" मी निलंतीकडून विचारलं. कुसुमा पहिल्यांदा हसली. "सोमावती आक्का दर आठवड्याला मागच्या दारानं माझ्याकडूनच घेते."

तेवढ्यात सोमावती आलीच. हातात परात, त्यात दुधात शिजवून वड्या पाडलेला भात. तिनं मला वाढलं, शकुबाईला वाढलं. कुसुमा ताट घेऊन मागं जायला उठली, तर सोमावतीनं तिच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं आणि तिथंच, आमच्यामध्ये, तिला वाढलं. मग माझ्यासमोर वाळूत बसली. वाळूवर बोटानं रेघा ओढत राहिली. शेवटी निलंतीला काही म्हणाली. निलंतीला हसू आवरेना.

"आक्का विचारतात, तुम्ही मासोळीच्या रश्श्यात आंबट काय टाकता?"

मी म्हटलं, "चिंच." ती मान हलवत राहिली. तिला पटलं नाही. ते इथं कसलंसं वाळलेलं आंबट फळ टाकतात. मग पौर्णिमेच्या सकाळी, देवळाच्या अंगणात, आमच्या दोघींचा रश्श्यावरून वाद झाला, आणि भंते दूर बसून ताडाच्या पंख्यानं वारा घेत राहिले.

दादा, बाबुलाल ढिवराच्या पोरीनं परदेशातल्या देवळात आपल्या बापाचा धंदा सांगून जागा घेतली. हे तुला कळावं, एवढंच.

ज्योत्सना

—

कोलंबो विमानतळ, १६ फेब्रुवारी २०२५

दादा,

विमानाला उशीर आहे म्हणून चार ओळी.

पौर्णिमा सरल्यावर कुसुमानं आम्हाला तिच्या नवऱ्याच्या नावेत नेलं. नाव अशी अरुंद की मांडी घालता येत नाही, एका बाजूला आधाराला लाकूड बांधलेलं. त्यानं मला जाळं दिलं, आणि काठावर गावची माणसं पाहायला उभी. दोरी-बिरी सगळं वेगळं, वजन जास्त. पहिली फेक चुकली, जाळं गोळा होऊन पडलं, काठावरून हसण्याचा आवाज आला. दुसऱ्या फेकीला मात्र जाळं असं उघडलं, दादा, ताटासारखं गोल. काठावरचं हसणं थांबलं. कुसुमाच्या नवऱ्यानं शिटी वाजवली. बाबांनी मला शिकवायला सुरुवात केली तेव्हा तूच म्हणाला होतास, पोरीच्या जातीला जमणार नाही. जमलं.

ओढताना सात-आठ मासोळ्या लागल्या. आपल्याकडं त्यांना विदेशी म्हणून आम्ही तलावात येऊ देत नाही, तिथं त्याच पोट भरतात. शकुबाई म्हणते, लंकेच्या मासोळीला चव नाही. पण तिनं तीन खाल्ल्या.

ज्यो.

—

पवनी, ३० मार्च २०२५

दादा,

तुझं उत्तर नाही. मी त्याची वाट पाहून लिहीत नव्हते, तरी पोस्टमन दिसला की माय दाराशी उठून उभी राहते, तिच्या गुडघ्यांसकट. तिला मी काय सांगू?

इथं मला भंडाऱ्याला बोलावून शाल दिली. पेपरात फोटो आला. मोहल्ल्यात तो कापून तिघींच्या घरात लावला आहे. अड्याळच्या बाजारात एक बाई भाव करता करता थांबली आणि म्हणाली, "तुमीच काय वं लंकेवाल्या?" आणि मग भाव केला नाही. पुढच्या बाजारी मात्र केला.

पण हे पत्र त्यासाठी नाही. रुपाचा फोन आला होता. तुला न विचारता तिनं केला, तिला रागावू नको. "आत्या, सातवा महिना लागला. तेरा तारखेला बाबाच्या क्वार्टरवर ओटी भरतेत. लग्नात तू नव्हती, मले चांगलं नाई वाटलं. ह्या टायमाले ये." मी विचारलं, काय आणू? तर पोरगी म्हणते, "मरळ आन. इकडं भेटतच नाई. तोंडाले चवच नाई माह्या."

तर दादा, मी येते. साडी-चोळी आणीन, आणि मरळही आणीन, जिवंत, मोठ्या गंजात पाणी भरून. कमलेश म्हणाले, रुपाच्या सासरी मास्तर लोक, कापून डब्यात घालून ने, कुणाला दिसणार नाही. बारा वर्षं माझ्याबरोबर तलावात उतरणारा नवरा, तोही असं बोलला. मी म्हटलं, माझी मासोळी डब्यात लपून जाणार नाही.

तुझ्या विहीणबाई, म्हणजे रुपाची सासू, तिथं असतील. त्या मला ओळखणार नाहीत, एकदाच पाहिलं आहे. विचारतील, ह्या कोण. ह्या वेळी मी आधी बोलणार नाही. तुझ्या दारात मी कोण आहे हे सांगायचं काम तुझं. तू जे सांगशील ते मी ऐकीन. पण शेतकरीण सांगितलंस, तर गंज डोक्यावरच ठेवून परत फिरीन, आणि रुपाला मी का गेले ते तूच समजाव.

ज्योत्सना

—

पवनी, १५ एप्रिल २०२५

दादा,

परवा पाहुण्यांच्या गर्दीत बोलायचं राहिलं, म्हणून लिहिते. तुला माझं सगळं काही कळलं नसेल.

तुमसरहून काळीपिवळीत बसले तेव्हा ड्रायव्हरनं नाक मुरडलं. जर्मनचा गंज गुडघ्यांत धरून, वर ओलं फडकं बांधून मी चिखल्यापर्यंत आले. आत मासोळ्या उसळत होत्या. प्रत्येक उसळीला मला वाटत होतं, उतर आणि परत जा. अभिमानानं माणूस पत्र लिहू शकतो, दादा, पण भावाच्या दारात जायला पाय लागतात, आणि माझे पाय खाणीच्या कॉलनीच्या वळणावर थांबले होते. तिथं एका बाईला तुझं घर विचारलं. ती म्हणाली, "लिलाधरभाऊ? ते तर सकाळपासून रस्त्यावरच उभे होते. आत्ता आत गेले." ते ऐकून मी गंज चुंबळीवर ठेवला आणि निघाले.

तुझ्या दारात मांडव, खुर्च्या, रंगीत साड्या. तू सरबताचा ट्रे घेऊन बाहेर येत होतास. इस्त्रीचा पांढरा शर्ट. मला पाहून थांबलास. रुपाच्या सासूनं माझ्या डोक्यावरच्या गंजाकडं पाहिलं, त्यातून पाणी ठिबकत होतं, आणि विचारलं, "ह्या कोन होत?"

मी तोंड उघडलं नाही. तुला वाटलं असेल, किती हट्टी आहे. पण मी दात दाबून उभी होते आणि मनात म्हणत होते, बोल रे, बोल.

तू ट्रे खाली ठेवलास.  मग तू बोललास, "माही लहान बहीन होय. ज्योत्सना. आमच्या बाबासारखी जाळं फेकते. तलावावर मासोऱ्या धरते. फेब्रुवारीत लंकेत जाऊन आली, तिथंबी धरल्या."

मग पायरी उतरून आलास आणि गंज माझ्या डोक्यावरून स्वतःच्या हातांत घेतलास. गंज वाकडा झाला, आणि मासोळ्यांचं पाणी गळ्यापासून पोटापर्यंत तुझ्या शर्टावर सांडलं. तू पुसलं नाहीस. तसाच उभा राहिलास, सगळ्यांसमोर.

ह्यापुढचं तू पाहिलं नाहीस, कारण तू तोंड धुवायला आत गेलास आणि बराच वेळ बाहेर आला नाहीस. रुपाच्या सासूनं फडकं वर करून आत पाहिलं. "मरळ होय? जित्ती?" म्हणाली. मग एकदम खाली बसली. "कोन कापन? मले येते. राख आना थोडी, हातातून सटकतेत." मास्तरांच्या आईनं जरीची साडी गुडघ्यात खोचली आणि राख लावून अशी मरळ धरली की मी पाहतच राहिले. तिचा सासरा पवनीच्या घाटावर बाबांच्या बाजूलाच जाळं टाकत होता, हे तिनंच सांगितलं. साक्षगंधापासून तिला मला हे सांगायचं होतं, पण तू मला मंडपामागं घेऊन गेलास, आणि नंतर मी दिसलेच नाही.

रुपानं ताटभर भात खाल्ला. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, पोट एवढं मोठं घेऊन.

साक्षगंधात बोलले त्याची माफी मी आजही मागत नाही. तूही मागितली नाहीस, आणि मला ती नको. रुपाच्या हळदीचा दिवस काही तू मला परत आणून देऊ शकणार नाहीस, तेवढं दुःख माझ्याजवळ राहील. पण परत येताना काळीपिवळीत रिकामा गंज मांडीवर घेऊन बसले, तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, कुठून आल्या? मी म्हटलं, "भावाच्या घरून." किती दिवसांनी हे बोलले.

माय विचारते, तू दिवाळीपर्यंत थांबणार की आधी येणार. तिला मी सांगितलं, आधी येईल.

वहिनीला सांग, शर्ट नुसत्या साबणानं धुऊन वास जात नाही. लिंबू चोळून उन्हात ठेवावा.

तुझी,
ज्योत्सना